साधे पीसी, मोठं गणित

नव्वदच्या दशकाच्या मध्यात दिल्लीतल्या महासंगणकावर रोज हवामानाचा अंदाज निघे. त्याच्या नकाशात अख्खा भंडारा जिल्हा एका चौकटीत मावायचा, आणि तरी ती चौकट पुरती भरायची नाही. ‘टी-80’ नावाच्या त्या मॉडेलने पृथ्वीभोवती पूर्व-पश्चिम 256 आणि उत्तर-दक्षिण 128 बिंदू मांडले होते. दोन बिंदूंमधलं अंतर साधारण दीडशे किलोमीटर. गोंदिया तेव्हा वेगळा व्हायचा होता, तो 1 मे 1999 ला झाला. म्हणजे तुमसरच्या मँगनीज खाणींपासून देवरीच्या जंगलापर्यंतच्या आभाळाचा हिशेब जवळजवळ एकाच आकड्यावर चालायचा. पवनीत पाऊस आणि तुमसरात कोरडं, हे त्या गणिताला दिसणं शक्यच नव्हतं. आमच्या धानपट्ट्यात रोवणी लागते की पऱ्हे वाळतात, हे नेमकं याच फरकावर ठरतं.

मात्र हे गणित छोटं होतं असं कोणी समजू नये. बिंदूंच्या त्या जाळीवर वातावरणाचे 18 थर होते. 256 गुणिले 128 गुणिले 18 म्हणजे 5,89,824 ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी वारा, तापमान, आर्द्रता. आणि काही मिनिटं पुढे सरकलं की पुन्हा सगळ्यांचा हिशेब पहिल्यापासून. पाच दिवसांचा अंदाज पाचव्या दिवशी हाती आला तर त्याचा उपयोग काय? म्हणून वेगवान यंत्र हवं होतं. ते अमेरिकेत होतं, आणि तिने ते अटी घालून दिलं.

क्रे एक्स-एमपी-14 हे ते यंत्र. भारताने मागितलं होतं याहून मोठं. मिळालं ते एका प्रोसेसरचं, आणि तेही वापर फक्त हवामानासाठीच होईल अशा बंदोबस्तात. 1988 साली राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र स्थापन झालं आणि त्यासाठी हे यंत्र दिल्लीला आलं. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक हे प्रगत संगणन केंद्र उभं राहिलं. त्याचे पहिले संचालक डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरच्या व्हीआरसीईतून इंजिनिअर झालेले. मोठा महासंगणक मिळत नसेल, तर छोटे छोटे प्रोसेसर जोडून तसाच वेग आपण उभा करू, हा तिथला निर्धार होता. 1991 साली ट्रान्सप्युटर चिपा जोडून ‘परम 8000’ झाला. ही कथा विदर्भात शाळेच्या गॅदरिंगपासून सत्कार समारंभापर्यंत अनेकदा सांगितली जाते आणि ती सांगावी अशीच आहे. मला इथे तिच्या पुढचा टप्पा सांगायचा आहे. त्याची चर्चा फार कमी झाली, आणि आजच्या भंडाऱ्याला तोच जास्त उपयोगाचा आहे.

प्रोसेसर जोडायचे हे ठरलं. पण कोणते? नव्वदच्या दशकात याला दोन उत्तरं होती. एक म्हणजे वर्कस्टेशन: सन, डेक, सिलिकॉन ग्राफिक्स यांची युनिक्सवर चालणारी यंत्रं. दशांश चिन्हाच्या आकडेमोडीत ती तरबेज होती, आणि किंमत लाखांत होती. दुसरं म्हणजे पीसी, बँकेत, टायपिंगच्या दुकानात आणि घरोघरी दिसणारा. शास्त्रज्ञ पीसीकडे ढुंकून पाहत नसत, आणि 1990 साली त्यांचं बरोबरही होतं. पण पीसी कोट्यवधींनी खपत होता. त्याच्या चिपवरच्या संशोधनाचा खर्च त्या कोट्यवधी गिऱ्हाइकांत वाटला जाई, वर्कस्टेशनच्या चिपचा त्या मानाने फार थोड्यांत. 1995 च्या अखेरीस पेंटियम प्रो आला तेव्हा आकडेमोडीतलं अंतर बरंच मिटलं होतं. किमतीतलं अंतर मात्र कायम होतं.

पुण्याने वर्कस्टेशनचा रस्ता धरला. 28 मार्च 1998 रोजी सुरू झालेल्या ‘परम 10000’ मध्ये सनचे 160 अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते, आणि सगळे मिळून कमाल वेग सेकंदाला शंभर अब्ज क्रियांचा. तिकडे तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, ‘अनुपम’ची मालिका चालू होती. 1991 च्या सुमाराचं पहिलं अनुपम इंटेलच्या आय-860 प्रोसेसरांचं होतं आणि त्यासाठी खास कार्डं लागत. मग डेकच्या अल्फा यंत्रांचं अनुपम आलं. आणि दशक संपता संपता त्या मंडळींनी सरळ पेंटियमचे पीसी घेतले, त्यांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घातली, साध्या फास्ट इथरनेटच्या स्विचने ते जोडले आणि त्यावर अणुभट्टीची गणितं चालवली. पेंटियम-3 चं अनुपम 84 यंत्रांचं होतं. पुढे हीच मालिका 512 प्रोसेसरांपर्यंत गेली.

यामागे काटकसर होती, पण तेवढीच नव्हती. मे 1998 मध्ये पोखरणचे स्फोट झाले आणि अमेरिकेने निर्बंध घातले. भाभा केंद्र त्या यादीत होतंच. वर्कस्टेशन किंवा सर्व्हर घ्यायचा तर परवाना, तपासणी, सुट्या भागांसाठी पुन्हा परवाना. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हातगाडीवरून वाहिल्या जाणाऱ्या पीसीवर असा पहारा कोण बसवणार? शिवाय त्यातला प्रत्येक भाग देशातल्या तंत्रज्ञाला उघडता येत होता. यंत्र कोण दुरुस्त करू शकतो यावर त्याची मालकी खरी ठरते, असं माझं मत आहे. त्या हिशेबाने 84 पेंटियमचं अनुपम हे त्याच्या वेगापेक्षा कितीतरी मोठं काम होतं.

जगात हा विचार आधी रुजला होता हेही सांगितलं पाहिजे. 1994 साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी 486 जातीचे 16 पीसी इथरनेटने जोडले आणि त्याला ‘बिओवुल्फ’ नाव दिलं. त्या काळी इथरनेट सेकंदाला दहा मेगाबिटचं. एक तार अपुरी पडते म्हणून त्यांनी दोन तारा टाकल्या आणि दोन्हींवरून एकदम माहिती पाठवली. ते जमलं, कारण लिनक्सचे नेटवर्क ड्रायव्हर बेकर स्वतःच लिहीत होते. बर्कलीच्या विद्यापीठात त्याच सुमारास डेव्हिड पॅटरसन, डेव्हिड कलर, थॉमस अँडरसन यांची मंडळी सनची शंभर वर्कस्टेशनं जोडत होती. 1997 साली तो संच जगातल्या पहिल्या दोनशे महासंगणकांत पोचला. पण लॉस अलामॉसला 16 पेंटियम प्रोंचा ‘लोकी’ सुमारे 50,000 डॉलरांत उभा राहिला आणि 1997 च्या गॉर्डन बेल पुरस्कारांत किमतीच्या मानाने कामगिरीचा मान पीसीच्या संचांना मिळाला. त्यानंतर वाद फारसा उरला नाही.

आता या रस्त्याची अडचण सांगतो. तिच्याविषयी न बोलता स्वस्ताईचे गोडवे गाणं खोटेपणाचं होईल.

भंडारा जिल्ह्याचे सात तालुके आहेत: तुमसर, मोहाडी, भंडारा, लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी. समजा हवेचं गणित करायला सात पीसी घेतले आणि एकेकाला एकेक तालुका दिला. मोहाडीच्या यंत्राला मोहाडीतलं सगळं ठाऊक आहे. पण पुढच्या पावलाला उत्तरेकडून वारा येणार तो तुमसरातून. म्हणजे तुमसरच्या यंत्राने आपल्या सीमेवरचे आकडे मोहाडीला दिल्याशिवाय मोहाडीचं पाऊल पडत नाही. तसंच भंडाऱ्याने लाखनीला, लाखनीने साकोलीला द्यायला हवं. प्रत्येक पावलाला ही देवाणघेवाण होते. प्रोसेसरला एक बेरीज करायला सेकंदाच्या अब्जाव्या भागासारखा वेळ लागतो. साध्या इथरनेटवरून निरोप पोचायला त्याच्या लाखपट. निरोप येईपर्यंत प्रोसेसर नुसता बसून राहतो. रोवणीला बाया दुप्पट लावल्या तरी पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत वेळेवर पोचल्या नाहीत, तर हात रिकामेच राहतात; तेच इथे होतं.

टी-80 ची गोष्ट तर आणखी कठीण. त्या पद्धतीत शेजाऱ्याशी बोलून भागत नाही. सगळी पृथ्वी लहरींच्या रूपात मांडलेली असते, म्हणून प्रत्येक यंत्राला प्रत्येक यंत्राशी बोलावं लागतं. हे मॉडेल परम, अनुपम, बंगळूरचं फ्लोसॉल्व्हर अशा देशी समांतर यंत्रांवर चालवून पाहिलं गेलं, तेव्हा कागदावरचा वेग आणि प्रत्यक्षातला वेग यांतली दरी तज्ज्ञांच्या समोर आली. दोष प्रोसेसरचा नव्हता. मधली तार आणि तिच्यावर बोलण्याची पद्धत यांत खोट होती. प्रोग्राम नव्याने लिहावा लागे, निरोप कमी आणि मोठे करावे लागत. स्वस्त पीसीवर वाचलेला पैसा असा माणसाच्या श्रमात परत मोजावा लागतो. आपल्याकडे ही बाजू खरेदीच्या प्रस्तावात कधी लिहिली जात नाही.

मग पीसी कुठे शोभतो? जिथे काम तुकड्यांत सुटं होतं तिथे. महाराष्ट्रातलं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदला आहे. तिथली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येक तबकडीकडून दोन संकेत येतात, एकूण 60. तबकड्यांच्या प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी ताडायचे. 30 तबकड्यांच्या जोड्या 435. आणि हे सगळं चालू वेळेत, कारण संकेत थांबत नाहीत. 33 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी सेकंदाला प्रत्येक संकेताचे साडेसहा कोटींहून जास्त नमुने घ्यावे लागतात. साठांचे मिळून चार अब्ज.

हे काम आधी खास घडवलेल्या सर्किटांचा एक संच करायचा. त्याच्या जागी राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या लोकांनी कॅनडा आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर बाजारात मिळणाऱ्या इंटेलच्या 48 यंत्रांचा संच बसवला: लिनक्स, गिगाबिट इथरनेट, आणि संकेत आकड्यांत बदलणारी बाजारातलीच कार्डं. 2010 साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. इथे युक्ती अशी की वेळ कापून वाटता येतो. या क्षणाचा तुकडा एका यंत्राला, पुढच्या क्षणाचा दुसऱ्याला. त्यांना एकमेकांशी फारसं बोलावं लागत नाही. सर्किटात बदल करायचा तर नवं कार्ड घडवावं लागे, वर्ष जाई. आता प्रोग्राममधल्या ओळी बदलल्या की दुर्बिणीला नवं काम करता येतं. पुढे दुर्बिणीचा पट्टा वाढवला तेव्हा या कामासाठी ग्राफिक्स कार्डं आली. तीही मूळची व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या बाजारात वाढलेली.

गूगलनेही तेच केलं आणि हिशेब उघड मांडला. 2003 साली बारोसो, डीन आणि होल्झले यांनी लिहिलेल्या लेखात 15,000 हून अधिक साध्या पीसींच्या संचांचं वर्णन आहे. त्यात दोन किमती शेजारी ठेवल्या आहेत. 88 साध्या यंत्रांची एक मांडणी, प्रोसेसर 176, किंमत 2,78,000 डॉलर. आणि एक नामांकित मोठा सर्व्हर, प्रोसेसर आठ, किंमत 7,58,000 डॉलर. जवळजवळ तिप्पट पैसे देऊन बाविसावा हिस्सा प्रोसेसर! सर्व्हरचा गुण हा की तो सहसा बंद पडत नाही. गूगलचं म्हणणं, बंद पडू दे. एक पडला तर त्याचं काम दुसरा उचलेल अशी व्यवस्था आम्ही प्रोग्राममध्येच करतो.

एक यंत्र सरासरी तीन वर्षांत एकदा बिघडतं असं धरा. हजार यंत्रं असली की रोज जवळपास एक बिघडणार. 84 असली तर तेरा दिवसांनी एक. म्हणून लांबलचक गणित करताना मधूनमधून सगळी स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात; वीज गेली किंवा एखादं यंत्र पडलं तर तिथून पुढे चालू. भंडाऱ्यात भारनियमनाचे उन्हाळे काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आज स्थिती काय आहे? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ आणि नोएडाला ‘अरुणिका’ हे महासंगणक सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाले. 26 मे 2025 रोजी भारत अंदाज प्रणाली जाहीर झाली. तिच्या चौकटी सहा किलोमीटरच्या आहेत. दीडशेवरून सहा! पूर्वी जिल्हा एका ठिपक्यात बसायचा, आता एकट्या साकोली तालुक्यात कितीतरी चौकटी येतात. आणि या अवाढव्य यंत्रांच्या पोटात काय आहे? आपल्या टेबलावरच्या पीसीच्याच घराण्यातले प्रोसेसर, लिनक्सवर चालणारे, हजारोंनी जोडलेले. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांत नोव्हेंबर 2017 पासून एकही लिनक्सशिवाय चालत नाही. वर्कस्टेशन बनवणारी सन कंपनी 2010 साली ओरॅकलने विकत घेतली. पीसीचा रस्ता हाच राजरस्ता झाला.

राजरस्ता झाला, पण त्यावर आपल्या जिल्ह्यातली मुलं चालतात का?

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं. पाऊस पडला होता तो वर, मध्य प्रदेशात. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी खाली आलं आणि गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडले तरी बॅकवॉटरच्या गावांना दिलासा मिळायला वेळ लागला. पाणी शिवनीहून निघून भंडाऱ्याला कधी पोचेल, किती फूट चढेल, कुठल्या वस्तीत आधी शिरेल, हे गणित आहे. अधिकृत इशारा हवामान खातं आणि जलसंपदा विभाग देणार, आणि तो त्यांनीच द्यावा. पण त्या गणिताचा अभ्यास भंडाऱ्यात बसून करण्याला कोणाची आडकाठी आहे?

हिशेब करून पाहू. शिवनीपासून गडचिरोलीच्या हद्दीपर्यंत तीनशे किलोमीटर लांब-रुंद भाग घेतला आणि तीन किलोमीटरची चौकट धरली, तर शंभर गुणिले शंभर बिंदू होतात. वर चाळीस थर. एकूण चार लाख. म्हणजे टी-80 च्या 5,89,824 पेक्षाही कमी! चौकट लहान असली की पाऊल लहान टाकावं लागतं, अठरा सेकंदांच्या आसपास, म्हणून एकूण काम टी-80 च्या कित्येक पट होतं. पण दिल्लीच्या क्रे यंत्राचा कमाल वेग सेकंदाला वीस-पंचवीस कोटी क्रियांचा होता. आजच्या चांगल्या पीसीचा शेकडो अब्जांचा आहे. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल फुकट मिळतं, सीमेवरचे जागतिक आकडे फुकट मिळतात, निरोपांची देवाणघेवाण करणारं ओपन-एमपीआय फुकट मिळतं. दुपारच्या वादळी पावसाचा अंदाज यातून अचूक निघेलच असं नाही. तिथे पुण्याचे तज्ज्ञही चाचपडतात. पण का चुकला, हे समजणारा माणूस जिल्ह्यात तयार होईल.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दर काही वर्षांनी नवे पीसी येतात आणि जुने डेडस्टॉकला जातात. त्यांतून शिकण्यापुरता संच उभा करणं अवघड नाही. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घासायचे, पुन्हा बसवायची. कित्येक ‘मेलेली’ यंत्रं एवढ्यावर उठतात. नाण्याएवढी बॅटरी बदलायची, नाहीतर घड्याळ मागे पडतं आणि यंत्रांचं आपसांत जुळत नाही. एकाच यंत्राला पडदा आणि कीबोर्ड ठेवायचा. बाकीची सुरू होताना कीबोर्ड नाही म्हणून एफ-1 दाबा असं सांगत अडून बसतात. बायोसमध्ये जाऊन तो अडथळा काढायचा आणि वीज परत आली की यंत्राने आपोआप सुरू व्हावं अशी खूण करून ठेवायची. मग स्विच, तारा, लिनक्स. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत विल्यम हारग्रोव्ह आणि फॉरेस्ट हॉफमन यांनी 1997 पासून टाकून दिलेले शंभराहून अधिक पीसी असेच जोडले आणि त्यांवर त्या देशाच्या पर्यावरणीय प्रदेशांचा नकाशा काढला. यंत्रांवर त्यांचा पैसा जवळजवळ गेलाच नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुने बारा पीसी जोडून जो वेग मिळेल, त्याहून जास्त वेग आज एका नव्या साध्या यंत्रात मिळतो. बारा यंत्रं दीडशे वॅटनी चोवीस तास चालली तर 43 युनिट वीज जाते, आणि मे महिन्यात आमच्याकडच्या खोलीत ती उष्णता असह्य होते. म्हणून वैनगंगेचं रोजचं गणित करायचं असेल तर एक-दोन नवे पीसी घ्यावेत. पण काम वाटायचं कसं, निरोप कमी कसे करायचे, एक यंत्र पडलं तरी गणित कसं चालू ठेवायचं, हे एका यंत्रावर शिकता येत नाही. ‘अर्क’वर काम करणाऱ्यालाही पहिल्या दिवशी हेच यावं लागतं. त्यासाठी जुना संच आठवड्यातून दोन संध्याकाळी चालवला तरी पुरतो.

नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या भंडारा, तुमसर, साकोली, पवनीच्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे: पुढच्या वेळी निर्लेखनाची यादी सहीला येईल तेव्हा त्यातले सात पीसी आणि एक स्विच वगळा, एक रिकामी खोली द्या, आणि भौतिकशास्त्र, भूगोल व संगणक या तिन्ही विभागांतल्या एकेका शिक्षकाकडे त्या खोलीची किल्ली द्या. पहिल्या वर्षी मुलांनी सात तालुक्यांचं गणित सात यंत्रांत वाटून दाखवलं तरी पुष्कळ झालं. त्याला शासनाच्या मंजुरीची किंवा निधीची वाट पाहावी लागत नाही.